फुलांच्या टेम्पोमागची रांग

मला एक सांगा, पावसात रस्त्यावर भरवसा ठेवायचा तरी कोणावर? मोबाईलमधल्या बाईवर, पुढच्या गाडीवर, की आपल्या ड्रायव्हरवर? आमच्या नगर-मनमाड रोडवर पाऊस झाला की आधी खड्ड्यांत पाणी साचतं, मग गाड्या साचतात आणि मग किस्से. माझा केडगावात फुलांचा धंदा, रोज गाडीवर फिरणं, त्यामुळे माझ्याकडे किश्श्यांचा साठा बराच. हे तर सगळे एकाच फेरीतले. देवळाली प्रवऱ्याला लग्न होतं, वधूवरांचे हार माझ्या टेम्पोत आणि मुहूर्त दुपारचा.

*

निघालो तोच वायपर बंद पडला. आमचा ड्रायव्हर पोपट, त्यानं वायपरला सुतळी बांधली. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. एकदा त्यानं ओढायचं, एकदा मी. विळद घाटापर्यंत माझा खांदा भरून आला. पोपट शांतपणे म्हणाला, "शेठ, गाडी कवाची थांबलीय. आता हात थांबवा."

*

पुढं ही रांग, शेवट दिसेना. अपघात झाला असेल म्हणून डोक्यावर पोतं घेऊन मी चालत निघालो. रांगेच्या तोंडाशी एक ट्रक, आणि ट्रकपुढचा रस्ता पार मोकळा! पावसात पुढचं दिसत नव्हतं, म्हणून जो तो पुढच्याच्या मागं उभा. ट्रकवाला केबिनमध्ये स्टोव्हवर चहा उकळत बसलेला. उलट तोच चकित. "मी च्यासाठी थांबलोय. तुमी सगळे कशाला थांबलात?"

*

राहुरीच्या अलीकडं पुन्हा जाम. पोपटनं एकदम टेम्पो उसातल्या वाटेला घातला. मला वाटलं, शॉर्टकट. मागच्यांनाही तसंच वाटलं. नगरचा नंबर बघून गाड्या एकामागून एक आमच्या मागं वळल्या. वाट संपली ती पोपटच्या अंगणात. तो भिजलेला शर्ट बदलायला आला होता! गाड्या पार गोठ्यापर्यंत. त्याची बायको दारात बघतच राहिली. "अवो, येवढं पाव्हणं आणायचं तर फोन तरी करायचा."

*

त्या गाड्या उलट्या काढताना एकीत मला मुंडावळ्या दिसल्या. आत नवरदेव! काच वाजवून विचारलं, "देवळालीकडंच ना?"

"व्हय, तिकडंच," करवली म्हणाली.

मी वधूपित्याला फोन लावला. जावयाचा फोन सकाळपासून लागत नव्हता, बिचारा रडायच्या बेतात होता. मी छातीठोक सांगितलं, हार तर आणतोच, नवरदेवही आणतोय.

ती गाडी टेम्पोमागं घेऊन कार्यालयापुढं पोचताच बँड सुरू झाला. छत्र्यांखाली बायकांनी नवरदेवाला ओवाळलं, हातात नारळ दिला. वधूपिता मिठी मारायला पुढं झाला, त्यानं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि तसाच थिजला. "शेठ, हे कोन आनलं?"

नवरदेवानं मंडपाकडं नीट पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "काका, हे कोल्हार न्हाई का? आमचं लगीन तर तिथं हाय, ह्याच रोडनं पुढं."

बँडवाल्यांचे हात जागच्या जागी राहिले. आपला जावई कुठं अडकलाय याचा पत्ता नाही, तरी वधूपिता म्हणाला, "याला आधी सोडा तिकडं. तिथंबी कुनाची तरी पोरगी वाट बघत आसंल."

तेव्हा एवढी विनंती आहे. कुणाचं काही पोचवायला निघालात, तर हिशेब खरा ठेवा: आपल्या गाडीत काय आहे ते वेगळं मांडा, आणि आपल्या मागून काय येतंय ते वेगळं.