कानबाईचा उपास आणि सकाळची गोळी

कानबाईवरचा, आमच्या खानदेशातल्या देवीवरचा, माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगते. सोनगीरहून मायला धुळ्याच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा तिनं अन्न सोडलं होतं, बोलणंही सोडलं होतं. 'मी पापी शे' एवढंच पुटपुटायची. नैराश्य इतकं खोल, की डॉक्टरांनी शॉकचे उपचार सांगितले. नानाकाका हसले, "पोरगी गावभर अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटते अन् घरी मायच्या डोक्याला करंट लावते!" हे भूल देऊन करतात, एवढं ऐकून घ्यायलाही त्यांना सवड नव्हती.

पहिल्याच सकाळी उपचार रद्द. मायचं बीपी चढलेलं. डॉक्टर म्हणाले, "शॉकच्या वेळी बीपी आणखी उसळतं. आधीच एवढं असेल तर धोका आहे. सकाळची बीपीची गोळी का नाही दिली? ती घोटभर पाण्यासोबत घ्यायचीच होती." मी भडकले. आदल्या दिवशी दारातूनच 'काही खायचं-प्यायचं नाही' असं ओरडून गेले होते दवाखान्यातले लोक. त्या घोटाचं आम्हाला कोण सांगणार होतं?

पुढच्या खेपेला मी गोळी घेऊन उभी, तर मायनं दात आवळले. "कानबाईना उपास शे. निर्जळ." दवाखान्यातल्या उपाशी राहण्याचं तिनं प्रायश्चित्त करून टाकलं होतं. हाही उपचार हुकणार होता, आणि माय दिवसेंदिवस वाळत चालली होती. मी मनातल्या मनात कानबाईला नाही नाही ते बोलले. श्रावणात गावभर मिरवतेस, नैवेद्याचे रोट खातेस, अन् माझ्या मायला घोटभर पाणी देववत नाही तुला?

शेजारच्या बाकावर पारोळ्याची एक अक्का बसली होती, आजारी लेकाला घेऊन. ती उठली. मायच्या तळहातावर गोळी ठेवली, वर बाटलीतलं थोडंसं पाणी ओतलं.

"तीर्थ लिधं ते उपास मोडस का व माय? ले."

मायनं तळहात ओठांना लावला. मग तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा ओला हात डोक्यावरून फिरवला. बीपी उतरल्यावरच डॉक्टरांनी तिला आत घेतलं, मध्येच बीपी उसळलं तर म्हणून इंजेक्शनही हाताशी ठेवलं. सगळं नीट पार पडलं. असे आणखी काही उपचार झाले आणि एका दुपारी माय म्हणाली, "तू जेवनी का व?"

अक्काचं नाव विचारायचं राहूनच गेलं. 'कानबाई पावली,' असं आता नानाकाका सांगत फिरतात. मी अजून त्यांच्याशी भांडते. पण मायनं ओठांना लावलेला तो तळहात आठवला की माझा आवाज खाली येतो. शरण जाणं मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

यंदा रोटांचं पीठ मी मळणार आहे. कानबाईपुढे हात जोडून आभारही मानणार आहे. पण आधी तिला सुनावणार.