मोहरीची चोळी

पनवेलच्या मुलींच्या शाळेतला तो हॉल आठवला की मला आधी कापसाचे तंतू दिसतात. दुपारी खाडीकडचा वारा खिडक्यांतून आत यायचा, आम्ही जुनी धोतरं फाडून पट्ट्या करत बसलेल्या असायचो, आणि ते तंतू उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायचे. खाली म्हणून पडायचे नाहीत. त्यांच्याकडे बघता बघता माझा हात थांबायचा आणि शेजारून कुणीतरी म्हणायचं, "अहो, पट्टी धरा ना."

महिन्यातला एक रविवार तिथं आजारी माणसांचा असे. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी तो सुरू केला होता. पनवेल-उरण भागातली जी माणसं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात कॅन्सरवर उपचार घेऊन परतत, त्यांचं ताट घरी वेगळं होई. शेजारी यायचे थांबत. हा रोग शिवल्यानं होतो असं तेव्हा पुष्कळांना वाटे. महिन्यातून एक दुपार तरी त्यांनी चारचौघांत बसावं, जखमा दाखवाव्यात, इस्पितळाला पत्रं लिहून घ्यावीत, सगळ्यांबरोबर चहा प्यावा, एवढीच बाईंची इच्छा. मदतीला महिला मंडळातल्या आम्ही सहासात जणी. मी लग्न होऊन पनवेलला आले त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. ओळखी नव्हत्या, पण शिवण येत होती.

त्या हॉलमध्ये रोगाचं नाव कुणी घेत नसे. 'दुखणं' म्हणायचे. सगळेच हळू बोलायचे, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलं आहे.

जासईची ती बाई चाळिशीच्या पुढची असावी. घरची मिठागरं, थोडी भातशेती. पहिले दोन रविवार ती भिंतीला टेकून, पदर अंगाभोवती घट्ट लपेटून बसली आणि चहा पिऊन निघून गेली. तिसऱ्या रविवारी ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमीच शिवता ना, बाय?"

"हो."

"मग मला एक चोली शिवून द्या. मी वाकडी चालतंय."

मला कळेना. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. तिची डावी छाती काढली होती. "डोक्यावर मिठाची पाटी घेतली का अंग एका बाजूला जातंय. लहानपनापासून पाटी वाहिली, कदी तोल गेला नाय. आता बांधावर पाय ठेवायला भ्या वाटतं. मागनं बायका बघतात."

शाळेचे नकाशे ठेवायच्या लहानशा खोलीत मी तिला घेऊन गेले. दार लावलं. तिनं चोळीची गाठ सोडली. काखेपासून छातीच्या हाडापर्यंत एक लांब, गुळगुळीत वण होता. टेप उलगडायची सोडून मी ती परत गुंडाळायला लागले. खोटं कशाला सांगू, मला घाबरायला झालं होतं.

तिला ते दिसलं. "हात लावा, बाय. दुखत नाय आता. आनि लागत पन नाय कुनाला."

मी तळवा ठेवला. कातडी गरम होती, आणि लगेच खाली तिचं काळीज उडत होतं, मध्ये काही नसल्यासारखं. इतक्या जवळून मी कुणाच्याच काळजाचे ठोके अनुभवले नव्हते. किती वेळ तशी उभी राहिले कोण जाणे. भिंतीवर गुंडाळलेले नकाशे होते, खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका धुरकट दिसत होता, आणि ती शांतपणे माझ्याकडे बघत होती. मग मी मापं घेतली.

पुढच्या महिन्याच्या रविवारी मी चोळी शिवून नेली. आतून खिसा ठेवला होता आणि त्यात कापसाची गोल गादी. आरशात छान दिसली. पण तिनं डोक्यावर पाटी धरल्यासारखे हात वर केले तशी गादी वर सरकली आणि गळ्याशी येऊन बसली. तिनं खाली पाहिलं. हात खाली केले, पदर ओढला.

आमच्यात चहाचं बघणाऱ्या एक खाला होत्या. पनवेलच्याच, मुसलमान मोहल्ल्यातल्या. त्यांची धाकटी बहीण याच दुखण्यानं गेली होती, त्यामुळे एकही रविवार त्या चुकवत नसत. मी चोळी हातात घेऊन रडवेली बसलेली बघून त्या जवळ आल्या. गादी तळहातावर ठेवून त्यांनी तोलून पाहिली.

"बेटी, यात वजन कुठं आहे? बाईच्या अंगाला वजन असतं. बाळाच्या उशीत काय घालतेस तू?"

"मोहरी."

"मग तीच घाल. मोहरी दबते, सरकत नाही, अंगाबरोबर गरम होते."

त्याच्या पुढच्या महिन्यात मी मोहरीचा डबा घेऊनच गेले. नकाशांच्या खोलीत आम्ही तिघी जमिनीवर बसलो. मी मऊ मलमलीची पिशवी शिवली होती. जासईची बाई डोळे मिटून बसली, उजव्या हातात पिशवी, डावा हात आपल्या उरलेल्या छातीखाली. मी वाटीनं मोहरी ओतत होते. दाणे पिशवीत पडताना लांबून पावसाची सर यावी तसा आवाज येत होता.

"अजून," ती म्हणायची. मी ओतायची. "अजून थोडी." मग पिशवी हातावर वरखाली करून बघायची. "जास्ती झाली. चिमूटभर काढा." डोळे मिटलेलेच. त्या खोलीत त्या दुपारी घड्याळ चालत नव्हतं असं मला अजून वाटतं. शेवटी ती म्हणाली, "हां. हीच ती."

बाहेर येऊन तिनं कुणाला काही न विचारता हॉलच्या कोपऱ्यातली पाण्याची भरलेली कळशी उचलली आणि डोक्यावर ठेवली. हात सोडले. बाकांच्या मधून, पट्ट्या गुंडाळणाऱ्या बायकांच्या मधून ती हॉलच्या त्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. पाण्याचा थेंब सांडला नाही. डॉक्टरीणबाई हातातलं पत्र तसंच धरून उभ्या होत्या.

हे झालं उन्हाळ्यात. मग पाऊस लागला, लावणी आली आणि ती दोन रविवार आलीच नाही. श्रावणातल्या रविवारी हॉलच्या दारात उभी राहिली ती मोठ्यानं हाका मारतच.

"बाय! ही बगा तुमची चोली! माझ्या अंगावर शेत उगवलं!"

तिनं पिशवी वर धरली. लावणीत चार दिवस ती ओल्या अंगानं राबली होती, आणि मोहरीला मोड आले होते. मलमलीतून पांढरे कोंब आणि त्यांच्या टोकांना इवली हिरवी पानं बाहेर आली होती. पिशवी नव्हे, कुंडीच वाटत होती ती.

आधी खाला हसल्या. मग ती स्वतः हसली, मग हसू एकेका बाकावरून पुढं गेलं. घशाचं ऑपरेशन झालेले एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना आवाज राहिला नव्हता. त्यांचे खांदे गदगदा हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. एका बाईनं पुसट आवाजात विचारलं, "म्हणजे हिचं पण काढलंय?" आणि दुसरी म्हणाली, "माझं पण." त्या दोघी कित्येक महिने शेजारी शेजारी बसत होत्या.

मी मात्र शरमेनं मान खाली घालून होते. "माझं चुकलं," म्हटलं.

"चुकलं कसलं?" ती म्हणाली. "सासू मला म्हनते, तुज्यात अजून जीव हाय गं."

उपाय खालांनीच काढला. चहाच्या शेगडीवर कढई ठेवून त्यांनी मोहरी नुसती गरम केली, तडतडायच्या आत उतरवली. भाजलेला दाणा उगवत नाही. हॉलभर फोडणीच्या सुरुवातीचा तो वास पसरला आणि सगळ्यांना भूक लागली. त्यानंतर मी अशा कितीतरी चोळ्या शिवल्या. उरणच्या बाजूच्या तिघींना तर तीच हाताला धरून घेऊन आली. नकाशांच्या खोलीत त्यांना बसवायची आणि दार लावून बाहेर राखण करायची.

ती त्यानंतर चार वर्षं होती. मग दुखणं पाठीच्या मणक्यात आलं. शेवटचे दोन महिने डॉक्टरीणबाई दर आठवड्याला एस.टी.नं जासईला जात. भाद्रपदात ती गेली. मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्या रविवारी मी हॉलमध्ये गेले, पट्ट्या फाडल्या, पत्रं लिहिली, आणि घरी येऊन खूप रडले.

पण तिची आठवण काढली की मला पौषातली एक दुपार समोर येते. आजार पाठीत यायच्या आधीची. मी आणि खाला तिच्याकडे गेलो होतो. मिठागरांत पाणी इतकं निश्चल होतं की आभाळ कुठं संपतं ते कळत नव्हतं. पांढऱ्या ढिगांच्या मधून बांधावरून बायकांची रांग पाट्या घेऊन येत होती, आणि प्रत्येकीच्या पायाखाली पाण्यात तिचं प्रतिबिंब उलटं चालत होतं. त्या रांगेत आमची जासईची बाई कोणती हे आम्हाला ओळखता येईना. सगळ्याच सारख्या चालत होत्या.

मग तिसरी का चौथी बाई तिथूनच ओरडली, "बाय, खाला, घरात जाऊन बसा! सून चा ठेवते! मी ही पाटी टाकून आले!"

आम्ही ओट्यावर बसलो. सुनेनं चहा आणला. तिथल्या विहिरीच्या पाण्यामुळे तो किंचित खारट लागत होता. मी दोन कप प्याले.