वंदनाच्या अर्जावरचे शेरे

प्रिय अर्णव आणि इरा,

तुमच्या आजोबांपासून मी एकच गोष्ट लपवली. ते चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हाही ती माझ्यापाशीच राहिली. तुमच्या आईला ठाऊक नाही, शेजारीपाजारी कुणाला नाही. एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते. हे मराठीत लिहिते आहे – इंग्रजीत मला वाक्यं फार चटकन सुचतात, आणि त्यांच्या आड लपायची मला सवय आहे. आई वाचून दाखवेल. म्हणजे तिलाही कळेल. कळू दे.

अर्णव, गेल्या महिन्यात तू फोनवर किती आनंदात होतास! तुझ्या विद्यापीठातल्या नवउद्योजकांच्या कार्यक्रमात तुझी निवड झाली. आणि तू म्हणालास की मुलाखतीत तू त्यांना सांगितलंस – माझी आजीसुद्धा भारतात हेच काम करते, गावाकडच्या मुलामुलींना उद्योग उभा करायला मदत करते. मी हसले. 'शाब्बास' म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिले.

काम करते, हे खरं आहे. अकोल्याच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि आम्ही अमरावतीला आलो, तेव्हा इथल्या विद्यापीठात स्टार्टअप सेंटर नुकतंच सुरू झालं होतं. ज्याच्याकडे कल्पना आहे त्याने अर्ज करायचा, समितीने तो तपासायचा, निवड झाली तर वर्षभर वर्कशॉप, थोडं भांडवल आणि सल्ला मिळायचा. तिथल्या समन्वयक सरांनी मला विचारलं – मुलांचे अर्ज जरा बघाल का, मॅडम? मला बरं वाटलं. माझं काम नीटनेटकं असतं, हे साऱ्यांना माहीत होतं. माझ्या हातून कधी काही राहत नाही, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे.

वंदना तिथेच भेटली. शेंदूरजनाघाटची. पॉलिटेक्निक झालेली, तेवीस-चोवीस वर्षांची, बोलायला एकदम रोखठोक. तिची माय संत्र्याच्या बागांमध्ये फळं निवडायला जायची. फळं उतरवली की त्यांचे ढीग लागतात, आणि बाया दिवसभर उकिडव्या बसून लहान, मध्यम, मोठं असं हाताने वेगळं करतात. वंदनाने मायसाठी एक यंत्र केलं होतं. तिरके लावलेले दोन पाइप, वरच्या टोकाला जवळजवळ, खाली जाता जाता लांब होत गेलेले. वरून संत्रं सोडायचं. लहान असेल ते आधीच मधून खाली पडतं, मोठं पार शेवटी. वीज लागत नाही, घडी करून टेम्पोत टाकता येतं, आणि बायांना उभ्याने काम करता येतं. पाइपांवर तिने सायकलची जुनी ट्यूब चढवली होती, सालीला लागू नये म्हणून. तिच्या अंगणात मी स्वतः पाटीभर संत्री त्यावरून सोडली. एकालाही ओरखडा आला नाही. हे लक्षात ठेवा. मला पुढे याच्याबद्दल सांगायचं आहे.

तिने अर्ज भरून आणला होता. मराठीत. सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की मराठी, हिंदी, इंग्रजी – कुठलीही भाषा चालेल. मोबाइलवर एक बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

"मॅडम, देऊ का टाकून आजच?"

"थांब," मी म्हणाले. "मराठीत वजन पडत नाही. माझ्याकडे दे, नीट करून मीच पाठवते."

तिने पासवर्डसकट सगळं माझ्या हवाली केलं. अकरा दिवस तो अर्ज माझ्याकडे होता. अकरा दिवस! मी काय करत होते? वाक्यं घासत होते. 'माही माय दिवसभर उकिडवी बसते, तिचे गुडघे गेले' हे तिचं वाक्य माझ्या इंग्रजीत 'श्रमिकांच्या कार्यक्षमतेतील अडथळा' झालं. ते मी चारदा बदललं. स्वल्पविरामांवर मी एक अख्खी सकाळ घालवली.

शेवटच्या दिवशी अकोल्याला जुन्या सहकाऱ्यांनी माझा सत्कार ठेवला होता. मला वाटलं, पोर्टल रात्री बारापर्यंत उघडं असेल, येऊन पाठवू. वाटलं – पाहिलं नाही. शाल, श्रीफळ घेऊन साडेसातला परत आले, लॅपटॉप उघडला. मुदत पाच वाजता संपली होती.

इथवर ही चूक आहे. चूक कुणाच्याही हातून होते, असं तुम्ही म्हणाल. पण मी तुम्हाला चूक सांगायला हे लिहीत नाहीये.

दुसऱ्या दिवशी वंदनाचा फोन आला. "गेला नं अर्ज, मॅडम?"

"हो, गेला."

किती सोपं होतं ते! मला वाटलं, समन्वयक सरांशी बोलून घेऊ, काहीतरी मार्ग निघेल. मग बोललेच नाही. कारण बोलायचं म्हणजे सांगावं लागणार – मी विसरले. मी! पंधरा दिवसांनी निवड झालेल्यांची यादी लागली. तिचं नाव त्यात असणार कसं?

ती घरी आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "नाई घेतलं तं नाई घेतलं. पन काहून नाई घेतलं, थे तं सांगतीन नं? मले सुधरवता येईन." मी म्हणाले, विचारून ठेवते. खरं सांगायला ती वेळ काय वाईट होती? घरात आम्ही दोघीच होतो. समोर चहा होता.

दोन दिवसांनी मी बसून समितीचे शेरे लिहिले. हो – मी लिहिले. टाइप केले, छापून घेतले. एक, फळाच्या सालीला इजा होण्याचा संभव. दोन, अशा प्रकारची यंत्रं बाजारात उपलब्ध आहेत. तीन, अर्जदाराला व्यवसायाचा अनुभव नाही. तीस वर्षं पेपर तपासलेला हात, शेरे लिहायला कितीसा वेळ लागणार? पहिला शेरा खोटा होता हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दुसऱ्याची मी चौकशीही केली नव्हती.

ती तो कागद घेऊन आमच्या दिवाणखान्यात बसली. एकेका ओळीखाली बोट धरून वाचला. मग मान हलवली.

"बराबर हाये त्यायचं," ती म्हणाली.

पुढचं त्याहून वाईट आहे.

महिन्याभराने सेंटरमध्ये समन्वयक सर भेटले. "मॅडम, ती संत्र्यावाली मुलगी कुठे गायब झाली? तिचा अर्जच आला नाही. आम्ही वाट पाहत होतो." ते म्हणाले, "पुढच्या तुकडीत टाकायला सांगा. तिचं यंत्र मी सेंटरच्या शिबिरात पाहिलंय, तिला नक्की घेऊ."

सहा महिन्यांनी पुढची तुकडी. नक्की घेऊ. सगळं दुरुस्त करायला याहून काय हवं होतं? पण तिने पुन्हा अर्ज केला असता, म्हणजे सरांच्या समोर बसली असती. 'मागच्या वेळचे शेरे वाचून मी सुधारणा केली' असं म्हणाली असती. आणि सरांनी विचारलं असतं – कुठले शेरे?

"तिचा विचार बदललाय," मी म्हणाले. "लग्न ठरलंय म्हणे."

आपल्याकडे मुलीचं लग्न ठरलं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. सर 'अच्छा' म्हणाले आणि दुसऱ्या फाइलीकडे वळले.

मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे – ती माझ्या एखाद्या प्राध्यापक मैत्रिणीची मुलगी असती, तर मी हे केलं असतं का? तिची आई माझ्या दारात आली असती, सेंटरमध्ये जाऊन बसली असती. वंदनाकडून कुणी येणार नाही हे मला माहीत होतं. तिची माय मजुरीला जाणारी, वडील नव्हते. हे मी तेव्हा मनात स्पष्ट मांडलं नव्हतं. पण माहीत होतं.

वर्षाने ती खरंच लग्नाची पत्रिका घेऊन आली. पत्रिकेवर बुद्धाचं चित्र होतं, गावच्या विहारात लग्न होतं. मी तिला साडी दिली. आणि तुम्हाला खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. माझं खोटं आता खरं झालं होतं ना! तेव्हा तिनेच सांगितलं, यंत्र सोडून टाकलं. पाइप दोडक्याच्या मांडवाला लावले. आता ती वरुडला एका खाजगी शाळेत गणित शिकवते.

या सगळ्याला सहा वर्षं झाली. दरवर्षी आंबिया बहाराची फळं उतरली की ती माझ्यासाठी संत्री पाठवते. मी ती वाटून टाकते. कॉलनीत सगळ्यांना वाटतं, बाई किती मोठ्या मनाच्या आहेत.

अर्णव, तुझ्या फोननंतर आठवडाभराने वंदना आली. बरोबर तिची नणंद होती. नणंदेला अंबाडीचं सरबत बाटल्यांत भरून विकायचं आहे, सेंटरमध्ये अर्ज करायचा आहे. वंदनाने पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढली. तिच्या मार्कशीटांच्या मागे माझा तो कागद होता. तीन शेरे. तो नणंदेच्या हातात देऊन ती म्हणाली, "पाह्य, असं तोंडावर सांगा लागते. बाकी सारे नुसते वा वा करून राहिले होते. मॅडमनं आनून देल्लं म्हनून माहे दोन-चार वर्सं वाचले, नाई तं त्या लोखंडापाठी लागून राहिली असती." नणंद माझ्याकडे आदराने पाहत होती. म्हणाली, "माह्यंबी असंच पाहा मॅडम. खराब असन तं खराब सांगा."

मी अर्ज घेतला नाही. चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा गळ्यात होता.

दोन दिवसांनी वंदनाला फोन केला. समोर बसवून सांगायचं होतं, तेवढं बळ माझ्यात नव्हतं – हेही लिहून ठेवते. फोनवर सगळं सांगितलं. अकोल्याचा सत्कार, पाच वाजता संपलेली मुदत, शेरे, लग्नाचं खोटं. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा काहीतरी बनवून सांगितलं असतं. नणंदेने आपला अर्ज मराठीतच, स्वतःच्या मोबाइलवरून टाकावा, हेही सांगितलं.

तिच्या मागे शाळेची घंटा ऐकू आली, मुलांचा गलका आला.

"म्हंजे त्यायले मशीन आवडलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"अन् मी सहा वर्सं माह्याच मशीनले नावं ठेवून राहिली, मॅडम. मायले सांगे – फालतू होतं थे."

तिने फोन ठेवला.

त्याला आज बावीस दिवस झाले. तिचा फोन आलेला नाही. समन्वयक सरांकडे जाऊन त्यांनाही मी सांगून आले, आणि अर्ज तपासायचं काम सोडलं. अर्णव, तुझ्या कार्यक्रमात यापुढे कुणी तुझ्या आजीबद्दल विचारलं, तर ती इंग्रजी शिकवायची एवढंच सांग.

आजी