ओहोटीत आलेलं पाणी

माय धुळ्याकडच्या आमच्या गावाहून सुरतला आली आणि आल्या आल्या म्हणाली, समुद्र दाखव. उभ्या जन्मात पाहिला नव्हता तिनं. मी कापडाच्या लूम कारखान्यात कामाला, खोली भेस्तानला. सुट्टीच्या दिवशी खोलीत मन रमतच नाही. मित्राची बाईक घेतली आणि निघालो सुवालीच्या किनाऱ्याला.

इच्छापोरपर्यंत रस्ता झकास. पुढे हजिरा रोडला ट्रेलरच ट्रेलर. मागे वयस्कर माणूस असेल तर सकाळी लवकर निघा. पार्किंगला सुट्टे ठेवा, पाणी घरून न्या. खायला मक्याचं कणीस आणि चहा, जास्त आशा धरू नका.

मोबाईलवर ओहोटीची वेळ बघून मी निर्धास्त होतो. समोर लांबवर काळपट ओला चिखल.

“समुद्र कथा शे रे? आठे ते निस्ता चिखल शे,” माय म्हणाली.

“समुद्र पुढे आहे. चल, पाण्यापर्यंत नेतो. भरतीला वेळ आहे.”

आत समुद्रावर काळ्या ढगांची सरळ पट्टी सरकत होती; आमच्या डोक्यावर ऊन. अर्ध्यात पोचलो आणि वारा एकदम गार झाला. मागून कणीसवाली ओरडली, “ए भाई, मासीने पाछा लाव! पाणी आवे छे!”

लाट उंच नव्हती. पाणी फुगत, पसरत येत होतं, थांबतच नव्हतं. मायचा पाय रुतला. खेचला तर चप्पल आतच राहिली. गुडघाभर पाणी मागं ओढायला लागलं आणि तिचा हात माझ्या हातातून सुटला. पदर सापडला, दंड सापडला, कसंबसं किनाऱ्यावर आणलं.

“मासीने मारी नाखवानी हती के?” मावशीला मारायचीच होती का, म्हणून कणीसवालीनं मला झापलं आणि मायपुढं चहा धरला.

माय लुगडं पिळत हसत होती. “मी हात लावाले गई, ते समुद्रच माले भेटाले उना!”

नंतर मोबाईलवर शोधलं. भूकंप नसतानाही सुनामीसारखं पाणी येतं म्हणे. वादळी ढगांची रांग समुद्रावरून जोरात सरकते, हवेचा दाब एकाएकी बदलतो, ढगांचा आणि पाण्यातल्या लाटेचा वेग जुळला की ती वाढत किनारा गाठते. आम्ही पाहिलं ते तेच होतं का, मला ठाऊक नाही. पण भरतीच्या वेळापत्रकात ते लिहिलेलं नसतं. समुद्रावर अशी पट्टी दिसली, वारा फिरला, तर फोटो राहू द्या, आधी वर या.

माय गावी गेली. परवा फोन केला तर शेजारणींना सांगत होती, “एवढं पानी उनं, पन मन्हा पोऱ्यानी हात सोडा नही.”