गायरानावरचे दाजी

आमच्या दाजींना छताखाली झोप लागत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा ते मुक्कामाला आले, तेव्हा आईनं आतल्या खोलीत नवी गादी घातली होती. सकाळी चहा घेऊन गेली, तर गादीला सुरकुतीसुद्धा नाही आणि जावई गोठ्यापुढं जमिनीवर घोरत पडलेले. आईला वाटलं, जावई रुसले. "न्हाय ओ मामी, वर पत्रा दिसला की गाडीत बसल्यावानी वाटतंय," दाजी म्हणाले. ते एसटीत कंडक्टर होते.

सुट्टी मिळाली की माणसं घरात लोळतात. दाजी पाण्याचा कॅन, वाकळ, तवा आणि पिठाची पिशवी घेऊन त्यांच्या मुरुम गावाबाहेरच्या गायरानावर जायचे. नुसता मुरमाड माळ, कुसळं, आणि पुरुषभर वाढलेली निवडुंगाची बेटं. दोन बेटांच्या आडोशाला वारा चुकवून ते वाकळ अंथरायचे. तंबू नाही, खाट नाही. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, सुरुवातीला लाजेनं अर्धी व्हायची.

"लोक म्हणतेत, बायकूनं घराभायेर काढलंय."

"मग तू बी चल. म्हंजी दोघांलाबी काढलंय म्हणतेल."

आक्का हसली आणि गेली. पुढं पुढं तर सुट्टीची आठवण तीच करून द्यायला लागली.

माळावर दाजींची शिस्त कडक. ओलं लाकूड तोडायचं नाही, गवतावर अंथरायचं नाही, उठताना चुलीचे दगड तिथले तिथं टाकून राख मातीआड करायची. "आपण इथं निजलो हुतो, हे शेरडांलाबी कळाय न्हाय पायजे," असं ते म्हणत. मी एकदा शहाणपणा करून निवडुंगाचं लाल बोंड हातानं तोडून तसंच तोंडात टाकलं. बारीक कुसांनी बोटं भरली आणि वर ओठही सुजले. आक्का चिमट्यानं कुसं काढत होती आणि दाजी शेजारी बसून उपदेश करत होते, "पावणं, निवडुंग शिवू नकू म्हणत न्हाय. इचारून शिव म्हणतंय." मला त्या वेळी दाजींचा भयंकर राग आला होता.

या माणसाला स्वतःचं वीतभर रान नव्हतं. एरवी ते कुणाच्या ध्यानातही येत नसे, पण आमच्याकडं येळवस असते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावं ओस पडतात. जो तो आपल्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभं करतो, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून तिच्यात मांडतो, आणि आंबील आणि मिसळ भाज्यांच्या भज्जीवर आडवा हात मारतो. ज्याला रान नाही त्याला दहा ठिकाणची आमंत्रणं. दाजी आमच्या रानात यायचे, पण अंग चोरून बसायचे. जाताना एकदा मला म्हणाले, "आंबील गोड हाय ओ, पण मांडी मोकळी न्हाय." मला तेव्हा त्यातलं दुःख कळलं नाही.

मग एका येळवशीला ते आलेच नाहीत. गायरानावर त्यांनी स्वतःची कोप घातली, पाच पांडव मांडले, आक्कानं नैवेद्य दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा दाजी येळवशीला यजमान झाले. संध्याकाळी त्यांनी कोप मोडली, राख झाकली. पूजलेले दगड मात्र विस्कटायला हात धजेना, म्हणून ते तसेच ठेवले. इथंच घोटाळा झाला. चुना लावलेला दगड आमच्याकडं दोनच कारणांनी दिसतो, एक देव आणि दुसरी हद्द.

दुसऱ्या दिवशी मुरुमात बोभाटा झाला, कंडक्टरनं गायरान धरलं! सरकार जमिनी नावावर करायलंय आणि कंडक्टरला ते आतून कळलंय, अशी पुस्तीही कुणीतरी जोडली. दुपारपर्यंत माळावर जिकडं तिकडं पांढरे दगड. शेरडं वळणाऱ्यांना वाट उरली नाही, दोन शेजाऱ्यांनी एकमेकांची गचांडी धरली. दाजींनी माळावर येऊन हे पाहिलं. जगात एकच जागा अशी होती, जिथं ते कुणाचे पाहुणे नव्हते. तीही त्यांच्याच हातानं चालली होती.

पहिल्या दगडापाशी जाऊन त्यांनी हात जोडले.

"पांडव मांडलाव व्हय ओ?"

दगडाच्या मालकानं मान खाली घातली. अतिक्रमण म्हणावं तर पंचाईत. "व्हय, पांडवच की," तो पुटपुटला.

"मग निवद न्हाय दावला? देव उपाशी ठिवतेत का कुठं?"

असं करत दाजी प्रत्येकाकडं गेले, आणि हद्दी आखायला आलेला एकूणएक माणूस पांडवांचा भक्त निघाला. मग घराघरातून शिळी आंबील आली, भाकरी आल्या. सगळे एका पंगतीला बसले, आणि उठताना ज्यानं त्यानं आपले देव पोत्यात घालून घरी नेले. आक्का आठवडाभर हसत होती.

आमच्या वडिलांना, अण्णांना, मात्र ही गोष्ट लागली. त्यांनी दाजींना बोलावून घेतलं. "आमच्यातलं एकरभर रान तुमच्या नावानं करतो. जावयानं माळावर येळवस करणं बरं दिसत न्हाय."

दाजींनी त्यांचे पाय धरले. "मामा, मन मोठं हाय तुमचं. पण एक एकर माझं झालं, की बाकीचा समदा माळ परका व्हईल की ओ."

 अण्णांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मागच्या उन्हाळ्यात दाजी गेले. येळवशीला आक्का एकटी पडू नये म्हणून तिला आमच्या रानात आणायला मी मुरुमला गेलो, तर घराला कुलूप. गाडी माळाकडं वळवली. निवडुंगाच्या आडोशाला कोप उभी होती आणि पंगत बसली होती. त्या बोभाट्याच्या वर्षी दगड मांडणारे बहुतेक सगळे त्यात होते. आक्का पदर खोचून भज्जी वाढत होती. मी लांबच उभा राहिलो. बारा एकरांचा मालक मी, पण पाय पुढं पडेना.

पंगतीतला एक म्हातारा सरकून बसला. "उभं का ऱ्हायलाव पावणं? या, रान आपलंच हाय."

मी त्याच्याजवळ बसलो आणि दाजी गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. आक्कानं माझ्यापुढं आंबिलीचा पेला ठेवला.