डॉक्टरीण बाईंची नागली

गाईम्हशींचे किस्से होत नाहीत. गाय आजारी पडते, दूध तुटतं, औषध लागू पडलं तर उभी राहते, नाहीतर नाही. शेळीचं त्याहून थोडक्यात आटपतं. पण कुत्र्याचा विषय निघाला की आलेला माणूस दवाखान्याच्या बाकावर पाय वर घेऊन बसतो आणि माझा चहा गार होतो. मोखाड्याकडच्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात मी डॉक्टर आहे. काम सगळं बैल, गाई, शेळ्या, कोंबड्यांचं. साठलेत मात्र कुत्र्यांचे किस्से. माहेरी सांगितले की वहिनी म्हणते, "वन्सं, तुम्ही सायन्सच्या ना हो?" आहे बाई सायन्सची. म्हणून तर सांगतेय, नाहीतर कोण विश्वास ठेवणार!

दवाखान्यात आम्ही दोघंच. मी आणि परिचर काशाभाऊ. काशाभाऊ पोशेऱ्याचे. बोलायला लागले की त्यांना ब्रेक नाही. स्वतःच्या हातच्या टाक्यांचं तर असं कौतुक, की मोठ्या मोठ्या सर्जननी येऊन शिकून जावं. टाके दर वेळी वाकडेच पडतात, हा भाग वेगळा.

तिसरी नागली. औषधांच्या रिकाम्या खोक्यात घालून कुणीतरी हे पिल्लू दवाखान्याच्या पायरीवर सोडून गेलं होतं. रंग थेट नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीचा, म्हणून नाव नागली. मी तिला क्वार्टरवर न्यायला निघाले तसा काशाभाऊंचा चेहरा उतरला. "ठेवा मॅडम, पण जीव नका लावू. त्या क्वार्टरला कुत्रं टिकत नाय."

आधीच्या प्रत्येक डॉक्टरचं कुत्रं तिथून गेलं होतं. त्यात गूढ काही नाही. क्वार्टरमागे उतार, उतारापलीकडे झाडी, आणि बिबट्याला कुत्र्याइतकी सोपी शिकार दुसरी नाही. मी दिवस मावळायच्या आत तिला घरात घेऊन दार लावायची. पण जीव नका लावू म्हणजे काय? नवरा नाशिकला, मुलगी होस्टेलला. संध्याकाळी घरात बोलायला तीच. जीव कधीच लागला होता.

* * *

सूर्यमाळच्या एका पाड्यावर शेळ्यांना टोचायला गेलो होतो. लहानू आजा म्हणून एक म्हातारा पुढे आला. "बाई, माझं कुत्रं बघा जरा. भुकत नाय."

तांबूस, आखूड तोंडाचं कुत्रं. गळा दाबून पाहिला, घसा पाहिला, सगळं ठीक. विचारलं, "कधीच भुंकला नाही?"

"नाय. शिट्टी मारतो. बाप कोळसुना ना त्याचा."

कोळसुना म्हणजे जंगलातला रानकुत्रा. हे टोळीनं फिरतात आणि एकमेकांना शिट्टी घालून बोलावतात. मी तिथंच लेक्चर सुरू केलं. आजा, तुमचं कुत्रं लांडग्याच्या वंशातलं, कोळसुना वेगळी जात, त्यांचं एकमेकांशी जमत नाही, पिल्लं होणं शक्य नाही. आजानं सगळं नीट ऐकून घेतलं. माझं संपलं आणि कुत्र्यानं मान वर करून शिट्टी घातली. लांब, साफ शिट्टी. डोक्यावर ऊन होतं, आणि समोरच्या डोंगरातून तशीच शिट्टी परत आली.

फॉरेस्टवाले सांगतात, या भागात कोळसुने आता उरलेच नाहीत.

"बोलवतात," आजा म्हणाला. "म्हणून दावं."

कुत्र्यानं दावं कुरतडू नये म्हणून इकडे दोरीत गळ्यापासून खुंट्याजवळपर्यंत बांबूची नळी ओवतात. दोरी तोंडाला येत नाही. पुढच्या खेपेला गेले तर खुंट्याला नुसता दोरीचा तुकडा लोंबत होता. कुरतडलेला, आणि तोही खुंट्यापाशी, जिथं त्या कुत्र्याचं तोंड पोचणं शक्य नव्हतं. मी विचारलं, "आजा, हे कुणी केलं?"

आजानं विडी पेटवली. "भावकी आलती. घेऊन गेली."

* * *

काळूचा किस्सा काशाभाऊंच्या धंद्यातला. पोशेऱ्याजवळच्या एका घरात पिढ्यान्‌पिढ्या काळं कुत्रं असतं. नाव नेहमी काळू. एक गेला की दुसरा काळू. यात विशेष काही नाही, आमच्या घरी मांजराचं असंच होतं.

रेबीजची लस टोचायला त्यांच्या दारात गेलो. नवा काळू जेमतेम पिल्लूपणातून बाहेर आलेला. काशाभाऊंनी त्याची मान धरली आणि एकदम सोडून दिली. काशाभाऊ गप्प झालेले मी तोवर पाहिले नव्हते. काळूचा कान फाटून शिवलेला होता.

"मॅडम, हा टाका माझा हाय," ते म्हणाले.

असा टाका दुसरं कोणी घालणं शक्य नाही, एवढा वाकडा. पण काशाभाऊंनी जो कान शिवला होता तो मागच्या काळूचा, आणि तो काळू हे पिल्लू जन्मायच्या आधीच मेलेला. मी घरधन्याला विचारलं, "अहो, याचा कान कधी फाटला? कुणी शिवला?"

त्याला प्रश्नच कळेना. "बाई," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "काळू आमच्याकडं असाच येतो."

त्या दिवशी घरी आल्यावर मी नागलीचे दोन्ही कान उलटे करून पाहिले. कशासाठी ते विचारू नका.

* * *

मध्यंतरी जव्हारकडच्या एका दवाखान्याचाही चार्ज माझ्याकडे होता. दाभोसाच्या एका मावशीनं बोलावलं. कुत्रं वाळत चाललंय म्हणे. दोन वेळा भाकर खातं, सुकट कालवून भात खातं, अंगाला मात्र लागत नाही. जंत असणार, दुसरं काय? मी गोळी काढली.

"कोणाला देऊ?" मावशी म्हणाली. "याला का त्याला?"

तेव्हा लक्षात आलं, ओट्यावर दोन ताटल्या होत्या. दोन्ही चाटूनपुसून लख्ख. मी विचारलं, "दुसरं कुत्रं कुठाय?"

"गेल्या शिमग्याला मेलं."

"मग दुसऱ्या ताटलीत भाकर कशाला वाढता?"

मावशी माझ्याकडे बघत राहिली. शिकलेल्या बाईनं असं विचारावं याचं तिला वाईट वाटलं असावं. "मेलं ते खरं. पन जेवन कुठं सोडलं त्यानं?"

मी डोस समजावून निघाले. एकच कुत्रं दोन्ही ताटल्या साफ करत असणार, हे मी काशाभाऊंना वाटेत पटवून देत होते. ते हो हो करत होते. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "मॅडम, मी दोन गोळ्या दिल्या. एकाच्या पोटात जंत ठेवून कसं भागंल?"

महिन्याभरानं मावशी बाजारात भेटली. कुत्रं गुटगुटीत झालं होतं. "दोघं पन बरे हायत," ती म्हणाली.

* * *

दिवाळी झाली की इकडचे पाडेच्या पाडे कामाला निघतात. भिवंडी, ठाणे, जिथं बांधकाम निघेल तिथं. घराला कडी घालायची, पोरंबाळं घ्यायची, कोंबड्या विकायच्या. कुत्रं मागं राहतं. शिमग्याला माणसं परत येईतो ते निम्मं झालेलं असतं, नाहीतर नसतंच. मी दर वर्षी सांगते, शेजाऱ्याला सांगून जा. "शेजारी पन येतोय ना आमच्यासंगं," हे उत्तर ठरलेलं.

एक रामजी म्हणून गडी परत आला तो थेट दवाखान्यात. ठाण्याला राहून हिंदी चढलेली. "मॅडम, एकदम सॉलिड झालाय कुत्ता. आमी नव्हतो तर मोटा झाला."

"कुणी खायला घातलं?"

"कोन घालनार? पाडा सगळा खाली. घरात गेलो तर चूल सारवलेली."

काशाभाऊंनी हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं.

"पन आधी आत सोडंच ना. दारात आडवा हून आमालाच भुकला. आमी चोर, असं."

"मग?"

"मग काय. आमी अंगनातनं आवाज दिला. म्हटलं, आमी आलो, आता तुमी निघा." रामजी हसला. "तवा गप झाला."

* * *

आता नागलीचा. हा सांगायचा म्हणजे मला जरा पाणी प्यावं लागतं.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. पाड्याच्या शिवेवर वाघोबा असतो. लाकडाची उभी फळी, तिच्यावर वाघ आणि चंद्र-सूर्य कोरलेले, वरून शेंदूर. त्या दिवशी माणसं त्याला सांगतात, ही जनावरं आमची, यांना हात लावू नको. आणि हे घे, हे तुझं. पूजा करणारा भगत आधी जनावरांची नावं घेतो. बुध्याची तांबी गाय, राख. जान्याचा बैल, राख. ते संपलं की देवाला आणलेल्या वस्तू. तांदूळ, घे. नारळ, घे. कोंबडं, घे.

काशाभाऊ चार दिवस मागे लागले होते, नागलीचं नाव वाघोबाच्या कानावर घालूया. मी हो म्हटलं. सायन्स सायन्सच्या जागी. त्या आठवड्यात क्वार्टरच्या कुंपणापाशी पंजे दिसले होते आणि मला झोप नव्हती.

काशाभाऊंच्या पाड्यावर गेलो. मी मागे बायकांत उभी राहिले. काशाभाऊ पुढे जायचे ते मेव्हणा भेटला म्हणून थांबले. थांबले ते बोलायला लागले. आणि बोलता बोलता 'राख' संपून 'घे' सुरू झालं, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. नागलीचं नवं पीक नुकतंच घरोघरी आलं होतं, जो तो सुपात ओंजळभर घेऊन उभा. सोम्याची नागली, घे. गोविंदाची नागली, घे. काशाभाऊंना एकदम आठवलं. माणसं सारून ते पुढे घुसले आणि ओरडले, "डॉक्टरीण बाईंची नागली!"

भगत आपल्या लयीत होता. "डॉक्टरीण बाईंची नागली," तो म्हणाला, "घे."

कुणीतरी हसलं. मग भगतानं सूप कुठाय म्हणून इकडे तिकडे पाहिलं. सूप नव्हतं. कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तो शब्द माघारी घ्या ना," मी म्हटलं. हसत म्हणायचं होतं, हसू आलं नाही.

भगत चांगला माणूस होता, त्यालाही वाईट वाटलं. "दिल्याला दिला म्हनतात, बाई. माघारी कसा घेऊ?"

मी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले. नागली दारात शेपूट हलवत उभी. इतकी रागावले होते मागोमाग आलेल्या काशाभाऊंवर, की चार पिढ्यांचा उद्धार केला त्यांच्या तोंडावर. ते खाली मान घालून निघून गेले.

दिवस मावळायच्या आत परत आले, खांद्यावर पोतं घेऊन. घरची नवी नागली. ते त्यांनी माझ्या ओट्यावर दारासमोर ठेवलं. "शब्द माघारी नाय घेता येत," ते धापा टाकत म्हणाले, "पन नागली कोंची ते कुठं ठरलंय?"

"काशाभाऊ, बिबट्या नागली खात नाही."

"तुमी दार लावा, मॅडम."

मी दार लावलं. वरची कडी, खालची कडी. नागलीची गोधडी माझ्या खाटेलगत ओढून घेतली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून पडले. तिचा श्वास हाताला लागत होता.

सकाळी जाग आली तेव्हा हाताखाली नुसती गोधडी. दार उघडं. दोन्ही कड्या काढलेल्या. त्या मी लावल्या होत्या, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. तशीच अनवाणी बाहेर धावले. 

नागली ओट्यावर होती. पाय मातीनं भरलेले, ते चाटत बसली होती. अंगावर ओरखडा नाही. मी तिला पोटाशी धरून रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. रडून झाल्यावर लक्षात आलं, पोतं जागेवर नव्हतं.

काशाभाऊ माझ्या आधीच आले होते. अंगणात उकिडवे बसून खाली बघत होते. दवानं माती मऊ झालेली आणि तिच्यात बिबट्याचे पंजे, काढल्यासारखे स्वच्छ. येतानाचे उथळ. जातानाचे खोल, ओझं घेतलेल्याचे. बाजूनं बारीक लाल दाणे सांडत गेलेले, उतारापर्यंत.

आणि जातानाच्या पंजांच्या शेजारून, सावकाश, जोडीनं चालल्यासारखी, कुत्र्याची पावलं. ती झाडीच्या कडेपर्यंत गेली होती. तिथून एकटीच परत फिरली होती.

काशाभाऊंनी नागलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "पोचवून आलीय."