सात नंबरसाठी उंच अँटेना

त्याला गल्लीत नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे 'बेस' म्हणत. ट्रक कंपनीच्या वायरलेस खोलीत त्याने उभं आयुष्य काढलं होतं आणि वायरलेसवर खोलीत बसणाऱ्याला बेस म्हणतात, एवढंच त्यामागचं गुपित. बायकोसुद्धा चेष्टेने म्हणायची, "बेस, जेवण वाढलंय, ओव्हर." त्याला ते फार आवडायचं, पण कधी बोलून दाखवलं असेल तर शपथ. मनातलं तोंडावर आणायचं म्हणजे या माणसाला दात काढून द्यायचे असल्यासारखं वाटे.

काम तसं बसल्या जागेचं. घाटात शिरणारा प्रत्येक ड्रायव्हर हाक मारणार आणि हा सांगणार, धुकं आहे, दरड आलीय, पुलावर गाडी आडवी आहे, सावकाश ये. घाटात फोन लागत नाही. तेव्हा लागत नव्हता आणि आता एवढे मनोरे उभे राहिले तरी लागत नाही. पुढे कंपनीने प्रत्येक गाडीत आकाशातून माग काढणारी डबी बसवली. कानामागून आली आणि तिखट झाली. वायरलेसची खोली बंद झाली, तिथे झाडू आणि बादल्या ठेवल्या गेल्या. बेसने जुना सेट मागून घेतला, रीतसर परवाना काढला आणि घरच्या पुढच्या खोलीत टेबलावर मांडला. गच्चीवर कंपनीचीच जुनी अँटेना, छत्रीच्या दांड्यापेक्षा थोडी मोठी. गाड्यांमध्ये सेट होतेच. ड्रायव्हर हाक मारत राहिले, कारण डबी मालकाला सांगते गाडी कुठे आहे, पण ड्रायव्हरला कोण सांगणार पुढे काय आहे?

त्याचे दोन नियम होते आणि नवीन ड्रायव्हरला तो ते पहिल्याच दिवशी ऐकवायचा. चालू चॅनेलवर घरचं बोलायचं नाही, कारण चॅनेल सगळ्यांचा असतो. आणि चाकावर असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. नियम चांगलेच होते हो. दुसऱ्या नियमामुळे कितीजण तो घाट धडपणे उतरले असतील. पण नियम म्हणजे काही देव नव्हे, हे या माणसाला कोणी सांगितलं नाही.

त्याचा मुलगाही त्याच कंपनीत ड्रायव्हर झाला. गाडीचा नंबर सात म्हणून तो 'सात नंबर'. चॅनेलवर त्याने बापाला कधी बाबा म्हटलं नाही आणि बापाने त्याला कधी बाळा म्हटलं नाही. नियम म्हणजे नियम.

बायको अचानक गेली त्या सकाळी मुलगा घाट उतरत होता. आई दोन दिवस तापाने पडली आहे एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने विचारलं, "बेस, घरी सगळं ठीक?" बेस घरीच होता, सेटजवळ. शेजारच्या खोलीत बायका रडत होत्या. त्याने दार लोटलं, बटण दाबलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "सगळं ठीक. सावकाश ये." सगळं ठीक म्हटल्यावर पोरगा कशाला घाई करतोय? तो सावकाश आला. वाटेत जेवला, गाडी धुऊन घेतली. इकडे माणसं ताटकळली, मग कुजबुजू लागली, मग थांबेनाशी झाली. तो दारात आला तेव्हा लोक स्मशानातून परतत होते आणि अंगणात पाणी टाकलेलं होतं.

तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. महिन्याभरात त्याने घाटापलीकडच्या गावात खोली घेतली आणि सामान नेलं. फोन केला तर उचलत नसे, नंतर 'ठीक आहे' एवढा निरोप पाठवी. मात्र घाटातून जाताना तो बेसला हाक मारायचा. सगळेच मारत. एकट्या त्यानेच मारली नाही तर चॅनेलभर चर्चा झाली असती.

म्हणजे बापाच्या वाट्याला मुलगा उरला तो एवढाच, घाटाच्या शेवटच्या वळणापासून सिमेंटच्या कारखान्यापर्यंत. रस्ता कसा आहे, माल काय आहे, टायर कुठे बदललं. बोलणं रंगात येतंय असं वाटायला लागलं की कारखाना यायचा आणि सात नंबर म्हणायचा, "बेस, आवाज तुटतोय." मग खरखर. बेस माइक खाली ठेवायचा आणि कितीतरी वेळ त्या खरखरीकडेच बघत बसायचा. खरखरीकडे बघता येत नाही हे मला कळतं, पण तो बघायचा.

घरात त्याच्यासोबत त्याची थोरली बहीण राहायची. तिला सगळी गल्ली ताई म्हणे. विधवा, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. तिने एकदा सहज म्हटलं, टोपीचा आवाज तर कारखान्याच्या पलीकडूनही येतो की. टोपी म्हणजे सात नंबरच्या मागेपुढे गाडी चालवणारा एक जुना ड्रायव्हर, उन्हापावसात लोकरी टोपी घालणारा. बेसने तिला समजावलं की टोपीची गाडी नवी, तिची अँटेना टपावर. सात नंबरची आरशाजवळ, म्हणून मागच्या बाजूला मार खाते. शिवाय कारखान्यामागे टेकडी. शिवाय समोर नवी इमारत उठलीय, तिची पाण्याची टाकी बरोबर मध्ये येते. दोष आपल्याच बाजूला आहे. अँटेना उंच केली की प्रश्न सुटला. ताई उठून कामाला लागली. जन्मभर अँटेना दुरुस्त करणाऱ्या माणसाला प्रत्येक दुखणं अँटेनाचंच वाटणार, त्याला ती तरी काय करणार?

मग काय विचारता! म्हातारा पेटला. वेल्डर गल्लीतलाच, जुना स्नेही. त्याच्याकडून एकात एक बसणारे तीन पाइप जोडून घेतले, खाली लोखंडी पाट, वर चारही दिशांना तारेचे ताण. वायर जितकी लांब तितकी ताकद वायरच खाऊन टाकते, म्हणून अंगठ्याएवढी जाड वायर आणली. वीज पडली तर जमिनीत जावी म्हणून तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली सोडली. वेल्डर म्हणाला, घर एवढंसं आणि खांब हा एवढा, नाकापेक्षा मोती जड. ताई म्हणाली, आधी दाढी कर, पोरगा नाही आला पण घार तरी येऊन बसेल त्या खांबावर. बेस हसला. बायको गेल्यानंतर तो हसलेला ताईने पहिल्यांदाच पाहिला, आणि ती आत जाऊन उगाच डबे पुसत बसली.

खांब उभा करताना एक ताण निसटला आणि सगळं धूड शेजारच्या गच्चीकडे कललं. वेल्डरने अंग टाकून धरलं, शिव्या सगळ्या गल्लीने ऐकल्या. पण उभा राहिला. बेसने मीटर लावून पाहिलं, वर पाठवलेली ताकद जवळजवळ काहीच परत येत नव्हती. इतकी चोख जोडणी त्याला कंपनीतही जमली नव्हती. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. सात नंबरला सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. कारखाना येईल, पोरगा 'आवाज तुटतोय' म्हणायच्या तयारीत असेल आणि आवाज तुटणारच नाही. मग पूल येईपर्यंत, घराकडे वळणारा फाटा येईपर्यंत बोलता येईल. तेवढ्या वेळात, चार ट्रकवाल्यांना कळणार नाही अशा शब्दांत, तो म्हणणार होता की या खेपेला गाडी फाट्यावरून इकडे वळव. ते वाक्य त्याने ताईसमोर बोलूनही पाहिलं. ताई म्हणाली, सरळ घरी ये म्हण की. तो म्हणाला, तेच तर म्हणतोय.

दुपार कलली होती. हवा स्वच्छ होती. ताई टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. शेवटचं वळण यायला अजून बराच अवकाश होता आणि सेटमधून मुलाचा आवाज आला.

तो बेसला हाक मारत नव्हता. टोपीशी गप्पा मारत होता. नव्या अँटेनाने त्याला घाटाच्या वरच्या अंगालाच पकडलं होतं. सेटवरचा आवाजाची ताकद दाखवणारा काटा सबंध उजवीकडे. टोपीने काहीतरी चावट सांगितलं आणि पोरगा खदखदून हसला. बेसने ताईचा हात धरला. "ऐक," तो म्हणाला. आईसारखं हसतो हा. हे तो विसरूनच गेला होता.

मध्ये बोलावं असं त्याला वाटेना. चोरून ऐकणं बरं नाही हे त्याला कळत होतं, पण तहानलेल्याला कोण सांगणार की भांडं उष्टं आहे. मग वळण आलं. मुलगा टोपीला म्हणाला, चल, थांब जरा. आणि त्याचा आवाज बदलला. इतका बदलला की ताईने शेंग हातातच धरली.

"बेस, बेस, सात नंबर."

बेसने उत्तर दिलं. रस्ता मोकळा आहे. माल काय? सिमेंट नाही, फरशी. ब्रेक नीट आहेत? आहेत. मग बेसने खाकरून घसा साफ केला. कारखाना आलाच होता, आता थांबून चालणार नव्हतं.

"सात नंबर, एक सांगायचं होतं."

"बेस, आवाज तुटतोय," सात नंबर म्हणाला. "काही ऐकू येत नाही. बंद करतो."

काटा सबंध उजवीकडे होता. बेसने आधी वायर हलवून पाहिली. खरंच. सवयीने हात मागे गेला आणि त्याने जोड चाचपला. तेवढ्यात टोपीचा आवाज आला, अगदी खणखणीत, "अरे, मला तर बेस शेजारी बसल्यासारखा ऐकू येतोय."

"मलाही येतोय," मुलगा म्हणाला. "नेहमीच येतो. त्यांना मात्र कारखान्यापुढचं माझं ऐकू जात नाही."

मग टोपी म्हणाला, बाप आहे तुझा. मुलगा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, इथेही. तो थकलेल्या माणसासारखा म्हणाला, "ब्रेकचं विचारतात, टायरचं विचारतात. मी कारखान्यापर्यंत वाट बघतो, की आज तरी आईचा एक शब्द काढतील. मग पुढे मला ऐकवत नाही रे."

ताईने माइक उचलून भावाच्या हातात कोंबला. "बोल," ती म्हणाली. "तो ऐकतोय. काढ तिचा शब्द."

बेसचा अंगठा बटणावर होता. तो ओठ हलवत होता, हे ताईने नंतर वेल्डरला सांगितलं. काय बोलावं हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे. बटण दाबलं असतं तर मुलाला कळलं असतं की बापाने सगळं ऐकलं. टोपीला कळलं असतं, सगळ्या घाटाला कळलं असतं. आणि न दाबावं तर पुढे काय, तेही दिसतच होतं. त्याने माइक टेबलावर ठेवला.

"चालू चॅनेलवर घरचं बोलत नाहीत," तो म्हणाला.

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मेल्या, तुझं घर राहिलंय कुठे, असं काहीतरी ती म्हणाली आणि शेंगांची परात तशीच टाकून आत निघून गेली. रागाने म्हणाली, पण खोटं नव्हतं.

बेस बसून राहिला. अँटेना चोख काम करत होती. कारखाना गेला, पूल गेला, फाटा गेला. फाट्यावर गाडीचा वेग कमी झाल्यासारखं इंजिन ऐकू आलं आणि बेस खुर्चीत ताठ झाला, पण वेग मागच्या गाडीला वाट द्यायला कमी केला होता. मुलगा टोपीशी फरशीबद्दल बोलला, एका ढाब्याबद्दल बोलला, पुन्हा एकदा हसला. सगळं स्पष्ट. पूर्वीच्या तिप्पट लांब. नंतर खरीखुरी खरखर आली.

वेल्डरने दुसऱ्या दिवशी विचारलं, काय, पकडलं का पोराला? बेस म्हणाला, एक नंबर जोडणी झाली. आत ताईने भांडं आपटलं.

पुढच्या खेपेला सात नंबरने वळणावर हाक मारली. बेसने रस्ता सांगितला, पुलावर काम चालू आहे, डावीकडून घे. माल विचारला नाही, ब्रेक विचारले नाहीत. वेळ होता. त्या वेळात एक शब्द काढता आला असता, एकच. ताई दारात येऊन उभी होती. बेसने तिच्याकडे पाहिलं, मग काट्याकडे, आणि कारखाना यायच्या कितीतरी आधी स्वतःच म्हणाला,

"सात नंबर, तुझा आवाज तुटतोय."

पलीकडे नुसता इंजिनाचा आवाज. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मुलगा उत्तराला अडखळला.

"बरं, बेस," तो म्हणाला.

त्या दिवशी तो टोपीशीही बोलला नाही. गाडी फाट्यावरून सरळ गेली.